देवकते मामांचा ठिपका

देवकते मामांनी माझ्यावर पहिल्या दिवसापासून शक घेतला, आणि मी त्यांच्यावर. तेरा वर्षं आम्ही परतूरच्या एका शाळेत एकाच ऑफिसच्या दारातून आत-बाहेर केलं, पण एकमेकांकडे पाठ करून कधी निवांत उभे राहिलो नाही. मी क्लार्क, ते कॉम्प्युटर लॅबचे शिपाई. आमच्याकडे शाळेतल्या शिपायाला सगळे मामाच म्हणतात, तसे ते मामा. नाहीतर नात्यागोत्याचा काही संबंध नव्हता, आणि लावावा असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात शाळेची जुनी लॅब भंगारात काढायचं ठरलं आणि यादी करायला अर्थातच मला बसवलं. धूळ खाल्लेले डबे, पिवळे पडलेले कीबोर्ड, आणि एका खोक्यात जुन्या हार्ड डिस्का. त्यातली एक मी उलटी केली तर मागच्या बाजूला, केबल लावायच्या जागेशेजारी, मरून नेलपॉलिशचा ठिपका. आणखी तीन-चार बघितल्या. सगळ्यांना तोच. भंगारवाला म्हणाला, "मॅडम, हा कंपनीचा मार्क हाये का?" मी म्हटलं, "कंपनीचाच समजा." आणि एक डिस्क यादीतून वगळून माझ्या टेबलावर ठेवली. शाळेची वस्तू अशी बाजूला काढणं बरोबर नाही, हे मला कळतं. मामा असते तर त्यांनी लगेच विचारलं असतं, कोणाला विचारून काढली म्हणून.

मामांचं गाव वाटूरच्या पुढची एक वाडी. वडील मेंढरांमागे फिरणारे. मामाही चौदा-पंधरा वर्षांचे होईस्तोवर त्यांच्यासोबत रानोमाळ फिरले, मग कसेबसे दहावीपर्यंत पोचले आणि शाळेत शिपाई म्हणून लागले. उंच, काटकुळे, खाकी शर्टाच्या खिशाला कायम सेफ्टी पिन लावलेली. खिसा कापला जाईल ह्याची भीती. परतूरच्या शाळेत, ऑफिसात, मास्तरांच्या गराड्यात त्यांचा खिसा कोण कापणार होतं देव जाणे.

कॉम्प्युटर ते शिकले तेही शक घेतच. कुठल्याशा ऑफिसातले जुने कॉम्प्युटर शाळेला मिळाले, तेव्हा ते लावून द्यायला जालन्याहून मेकॅनिक यायचा. हा माणूस आतला चांगला माल काढून खराब घालून जातो, अशी मामांची पक्की खात्री. म्हणून ते त्याच्या मागे हात बांधून उभे राहायचे. तो कोणता स्क्रू काढतो, कोणती केबल कुठे खोचतो, सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचे. वर्षभर असं बघितलं आणि एक दिवस मेकॅनिक आलाच नाही, तर मामांनी स्वतःच डबा उघडला. तेव्हापासून मेकॅनिकला बोलावणं बंद झालं. चोर पकडायला उभे राहिले आणि विद्या शिकून बसले, असं हेडसर म्हणायचे.

मी शाळेत लागले ती अनुकंपावर. माझे मालक तिथेच क्लार्क होते. ते गेले, मुलगी पाच वर्षांची होती, आणि दोन महिन्यांनी मी त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसले. पहिल्या दिवशी टेबलाच्या ड्रॉवरला हात घातला तर त्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीवर आडवीतिडवी सही, स. देवकते. मी पट्टी फाडायला लागले तसे हे दारात उभे.

"किल्ली कोणी दिली?"

"हेडसरांनी."

"कोणासमोर?"

मला भयंकर राग आला. माझ्या नवऱ्याचं टेबल, त्यातला ड्रॉवर, आणि हा शिपाई मला साक्षीदार विचारतोय.  ते दारातून हलले, हेडसरांकडे जाऊन विचारून आले आणि म्हणाले, "बराबर हाये. उघडा." आत चष्मा होता, अर्धी सुपारीची पुडी होती, मुलीच्या शाळेचा एक फोटो होता. मामांनी मालक गेले त्याच दिवशी पट्टी लावली होती, कोणी हात घालू नये म्हणून. आज मला ते समजतं. तेव्हा मात्र मनात एकच आलं, पट्टी लावायच्या आधी ह्यानं आत बघितलं असणार.

त्यांची एक निळी नायलॉनची पिशवी होती. ती खुंटीला टांगलेली असायची आणि तिचं तोंड सुतळीनं बांधलेलं. गाठ त्यांच्या बापाची, धनगरी, दुसऱ्या कोणाला ती तशीच्या तशी मारता यायची नाही. बाहेरून आले की आधी गाठ बघायची, मग टोपी काढायची. एकदा ते ट्रेझरीत निघाले तेव्हा मी सहज म्हटलं, "मामा, पिशवी ठेवा माझ्याकडे, कशाला उन्हात वागवता?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिचा सौदाच केला होता. पिशवी घेऊन गेले.

त्या पिशवीत भाकरी असायची, एक जुना रंगाचा ब्रश, चुन्याची पत्र्याची डबी, काटे काढायचा चिमटा आणि नेलपॉलिशची बाटली. डबीत चुना नव्हता, जंपर होते. आता जंपर म्हणजे काय, हे त्यांचं दुसऱ्यांशी बोलणं ऐकून मला कळलेलं आहे तेवढंच सांगते. तुरीच्या डाळीएवढं प्लॅस्टिकचं टोपडं, आत पितळेची पट्टी. जुन्या हार्ड डिस्कच्या मागे सुईसारख्या बारीक खुंट्या असायच्या, जोडीजोडीनं. त्यातल्या एका जोडीवर हे टोपडं घालायचं. कोणत्या जोडीवर, ह्यावर सगळा कारभार. एका चपट्या केबलवर दोन डिस्का लावता यायच्या, आणि त्यांच्यात मोठी कोण नि धाकटी कोण हे जंपर सांगायचा. कंपनीनं त्याला मास्टर आणि स्लेव्ह म्हटलेलं. मामा स्लेव्ह म्हणायचे नाहीत. "पोरांच्या शाळेत गुलाम कशाला म्हणायचं?" ते म्हणायचे थोरला आणि धाकटा.

भुतेकर सर नावाचे नवे कॉम्प्युटर शिक्षक आले, डिप्लोमावाले. त्यांनी लॅबमधल्या एका मशिनीत दुसरी डिस्क बसवली आणि मशिननं दोन्ही ओळखायचं सोडून दिलं. सरांनी अर्धा दिवस घालवला. दोन वेळा केबल बदलली. शेवटी मामा पुढे झाले, चिमट्यानं एक जंपर उपटला, बाजूच्या जोडीवर बसवला, मशिन चालू. सर म्हणाले, "पण मी लेबलवरचं चित्र बघूनच लावला होता." मामांनी डिस्क उचलून त्यांच्या नाकासमोर धरली.

"लेबल छापणारानं ही डिस्क बघितल्ती का? ह्याच्यावर कोणी दुसऱ्या डिस्कचं लेबल डकवलं हाये. कडेला गोंद बघा. दोन थोरले एका घरात बसवले तुम्ही. ते एकमेकाकडं बघत बसले."

त्यांचा चिमटा हा त्यांच्या बापाचा. मेंढरामागे फिरणाऱ्याच्या कमरेला असतो तसला, पायातले बाभळीचे काटे काढायचा. जंपर काढायला त्याच्याइतकं चांगलं हत्यार मी पुढे कोणत्याही इंजिनियरकडे बघितलं नाही.

आणि नेलपॉलिश. जंपर बसवला की त्याच्यावर आणि खालच्या प्लॅस्टिकवर मिळून एक मरून ठिपका द्यायचा. कोणी जंपर हलवला की ठिपका चिरतो. बाप मेंढरांच्या पाठीवर गेरूचा ठिपका द्यायचा, दुसऱ्याच्या कळपात गेलं तर ओळखायला, त्यातनंच हे आलेलं. बाजारात बांगडीच्या दुकानातून ते बाटली आणायचे आणि स्टाफरूममधल्या बायका चेष्टा करायच्या. "मामा, मामीला लावता का डिस्कला?" मामा न हसता सांगायचे, "तिला कवा लावली न्हाई. हेच तर तिचं भांडण हाये."

एकदा डबीतला एक जंपर कमी भरला. मामा लॅबच्या दारात आडवे उभे राहिले आणि आत असलेल्या प्रत्येकाला खिसे उलटे करायला लावले. त्यात भुतेकर सर होते, मी होते, आणि खुद्द हेडसर होते. हेडसरांचा रुमाल, किल्ल्या, खोकल्याच्या गोळ्या, सगळं टेबलावर. हेडसर लालबुंद झाले. मग भुतेकर सरांनीच बोट दाखवलं. जंपर मामांच्या दुमडलेल्या बाहीत अडकला होता. दुसरा कोणी असता तर शरमेनं मेला असता. मामा बाहीकडे बघत राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "माझ्यावरच शक घ्यायचा राह्यला व्हता." जंपर डबीत टाकला, झाकण लावलं, आणि दारातून बाजूला झाले. हेडसरांची माफी काही मागितली नाही.

हे सगळं ऐकून तुम्हाला मामा मजेशीर वाटत असतील. मला वाटायचे नाहीत. रोज संशयाखाली काम करणं काय असतं ते करणारालाच कळतं. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांना वाळवी लागली तेव्हा हेडसरांनी मला ती कॉम्प्युटरवर उतरवायला सांगितली. प्रत्येक मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, कोणत्या वर्गातून शाळा सोडली. मला तीन वर्षं लागली. पानं हातात घेतली की चुरा व्हायचा. भिंग लावून एकेक तारीख वाचायची आणि टाकायची. उतरवून झाल्यावर मूळ पानांत वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या नोंदी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, डी ड्राइव्हमध्ये, आणि दुसरीकडे कुठेही नाहीत.

दुसरीकडे का नाहीत? कारण मामा. एका वर्षी कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि लॅब आठवडाभर बंद पडली. तेव्हापासून मामांनी शाळेतल्या सगळ्या मशिनींच्या पेन ड्राइव्हच्या खाचा काळ्या टेपनं बुजवल्या आणि टेपवर सह्या केल्या. मी म्हटलं, "मामा, मला एक कॉपी तरी काढू द्या." ते म्हणाले, "कॉपी काढली की ती कोणाच्या हातात जाईल, लिहून देता का?" हेडसरांनाही ते पटलं.  सगळी अंडी एका टोपलीत ठेवून वर ह्या माणसाला राखणीला बसवला होता.

मग तक्रार झाली. शाळा चालवणाऱ्या संस्थेतल्याच कोणीतरी वर लिहून दिलं की शाळेतून जन्मतारखा बदलून दाखले दिले जातात. दाखल्यांवर सही हेडसरांची, पण तारीख लिहिणारा हात माझा. संस्थेचे सचिव बियाणीजी, कापडाचे मोठे व्यापारी, तीन पिढ्यांपासून परतुरात असलेले पण बोलण्यात अजून थोडं राजस्थान शिल्लक असलेले. त्यांनी निरोप पाठवला, दिवाळीची सुट्टी संपली की बुधवारी चौकशी. दाखले आणि रजिस्टर समोर ठेवून ताडून बघू. मला काही भीती नव्हती. तारखा बरोबर होत्या. मी भिंगातून बघून टाकल्या होत्या.

सोमवारी शाळा उघडली. मी कॉम्प्युटर चालू केला आणि डी ड्राइव्ह उघडेना. क्लिक केलं की मशिन विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करायची का?  भुतेकर सर आले, म्हणाले, "फॉरमॅट करून रिकव्हरी मारू," आणि माऊस हातात घेतला. माझ्या कानात मामांचा आवाज आला, आधी बघा, मंग बोला. मी सरांचा हात धरला. शाळेत बाईमाणसानं पुरुषाचा हात धरलेला मी कधी बघितला नव्हता, पण धरला. "कशालाच हात लावू नका," मी म्हटलं.

दुपारपर्यंत सगळ्या स्टाफला कळलं होतं. चौकशी बुधवारी आणि रजिस्टर सोमवारी गायब. कोण काय समजणार? चहा प्यायला गेले की बोलणं थांबायचं. मला निलंबित करतील, मग काढतील, मग माझ्या मालकांचं नावही त्यात ओढतील, कारण खुर्ची त्यांची. मुलगी बारावीला होती. ती रात्री जेवताना म्हणाली, "मम्मी, तू केलंय का गं काही?" तिनं साधंच विचारलं असेल. मला जेवण गेलं नाही.

आणि देवकते मामा नव्हते. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. रजेचा अर्ज नाही, फोन लागत नाही. तेरा वर्षांत न सांगता एक दिवस न बुडवणारा माणूस नेमका आत्ता गायब. आणि दिवाळीच्या सुट्टीत धूळ साफ करायला ऑफिसची मशिन उघडली होती ती ह्यांनीच. किल्ली ह्यांच्याकडेच होती. मी विचार करकरून डोकं फोडलं आणि प्रत्येक वेळी तिथेच येऊन पोचले. मंगळवारी संध्याकाळी मी सचिवांच्या नावे अर्ज लिहिला. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसच्या संगणकास श्री. देवकते यांच्याखेरीज कोणीही हात लावलेला नाही, सबब त्यांची चौकशी व्हावी. सही केली, तारीख टाकली, आणि बियाणीजींच्या दुकानात स्वतः नेऊन दिला. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, हलकं वाटलं.

बुधवारी अकरा वाजता बियाणीजी आले, सोबत संस्थेचे दोन सभासद. हेडसर, भुतेकर सर, मी. सगळे ऑफिसात उभे, खुर्च्या असून. आणि दारातून निळी पिशवी घेऊन मामा आत आले. डोळे लाल, चेहरा उतरलेला.

"कुठं गेल्ते देवकते?" हेडसरांनी विचारलं.

"जालन्याला. काम व्हतं." एवढंच. पुढे काही नाही. मी बियाणीजींकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. बघा, म्हणजे.

काय झालं ते मामांना सांगितलं. त्यांनी पिशवीची गाठ बघितली, सोडली, आणि मशिन चालू केलं. पहिल्यांदा येतो त्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मामा पुढे वाकले, मागे झाले, परत वाकले.

"मॅडम, डिस्कसमोर आकडा किती लिहिला ते वाचा."

मला आणखी संशय आला. रोज वाचणारा माणूस आज मला का वाचायला लावतोय? पण वाचला. "बत्तीस."

"किती?"

"बत्तीस जीबी, मामा."

"ऐंशीची डिस्क हाये ती," मामा म्हणाले, आणि मशिन बंद करून त्यांनी डबा उघडला. डिस्क बाहेर काढली. ती घेऊन ते खिडकीशी उजेडात गेले. मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले, मुद्दाम. नजर काढायची नाही, असं ठरवूनच आले होते. बाकीचे सगळे आमच्या पाठीमागे होते.

मामांनी डिस्क डोळ्यांच्या अगदी जवळ धरली. बोटानं चाचपली. दोन जंपर होते. एक थोरल्याच्या जोडीवर, बरोबर. दुसरा त्याच्या शेजारच्या जोडीवर उभा. आणि दोघांवर मरून ठिपका, कुठेही न चिरलेला. त्यांनी चिमटा काढला. चिमट्याची टोकं दुसऱ्या जंपरला जाऊन भिडली. नुसता उपटायचा आणि डबीत टाकायचा, एवढंच राहिलं होतं. डी ड्राइव्ह परत आला असता, केबल ढिली झाली होती म्हणाले असते, आणि त्या खोलीतल्या एकालाही कळलं नसतं. मला कळलं असतं, पण त्यांना काय माहीत मला जंपर कळतो ते.

चिमटा तसाच थांबला. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"बियाणीजी, जरा हिकडं या. सगळेच या."

सगळे खिडकीशी आले. मामांनी बोट ठेवून दाखवलं. कंपनीनं ह्या डिस्कवर एक जादा जंपर आडवा लावून दिलेला असतो, कामाचा नाही, नुसता हरवू नये म्हणून. तोच जर ह्या जोडीवर उभा बसवला, तर डिस्क स्वतःला बत्तीसचीच सांगते, बाकीची लपवते, आणि डी ड्राइव्ह त्या लपवलेल्या भागात होता. फार जुन्या मशिनींना मोठी डिस्क मोजता यायची नाही, त्यांच्यासाठी केलेली सोय. दिवाळीत धूळ झाडताना दोन्ही जंपर काढले होते, ब्रश मारला होता, परत बसवले होते आणि वर नवा ठिपका दिला होता.

"ठिपका तुटला न्हाई," मामा म्हणाले. "म्हंजे माझ्या मागं कोणी हात लावला न्हाई. ठिपका माझा हाये. जंपर चुकीच्या जागी बसवला तो मीच. मॅडमचा ह्याच्यात काही हात न्हाई."

 मग बियाणीजी हळूच म्हणाले, "देवकते, बाईंना बचवायला तर बोलून राह्यले न्हाई ना तुम्ही?"

माणूस गुन्हा कबूल करतो आणि त्याच्यावरही शक. एरवी मला हसू आलं असतं.

"मी कोणाला वाचवलं आजपोतर?" मामा म्हणाले. "विचारा ह्यांना. मला दिसून न्हाई राह्यलं, बियाणीजी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाये. तेच दाखवायला जालन्याला गेल्तो. सांगितलं असतं तर लॅबची किल्ली काढून घेतली असती. म्हणून कोणाला सांगितलं न्हाई."

त्यांनी चिमटा उचलून बियाणीजींच्या हातात दिला. "मी काढला तर मंग म्हणाल, काही तरी केलं. तुमच्या हातानं काढा." बियाणीजींनी अंगठ्या घातलेल्या बोटांत मेंढपाळाचा चिमटा धरला, दोनदा निसटला, तिसऱ्यांदा जंपर निघाला. ठिपका चिरला. डिस्क परत बसवली, मशिन चालू केलं, आणि डी ड्राइव्ह उघडला. माझी तीन वर्षं जागच्या जागी होती. दुपारी चार वाजेपर्यंत दाखले नि नोंदी ताडून बघितल्या. एकही तारीख इकडची तिकडे नव्हती. मी उठून बाहेर पाण्याच्या टाकीमागे गेले आणि पोटभर रडले.

परत आले तर बियाणीजी निघायच्या तयारीत फाइल बंद करत होते. आणि जाता जाता त्यांनी, ज्याची मला भीती होती, ते केलंच. फाइलमधून माझा अर्ज काढला आणि म्हणाले, "बाईंचा अंदाज बिलकुल बराबर निघाला. ह्यांनी काल लिहूनच दिल्तं, देवकतेचा हात हाये म्हणून." आणि तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. माझी मान वर होईना. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग विचारलं, "तारीख टाकलेली हाये का?"

"आहे," बियाणीजी म्हणाले.

"मंग ठीक हाये." आणि पिशवीला गाठ मारून ते लॅबला कुलूप लावायला गेले.

मामांना मेमो मिळाला, लॅबची किल्ली गेली. निवृत्तीला सात महिने होते, ते त्यांनी घंटा देण्यात काढले. तिथेही मनगटावर एक घड्याळ नि खिशात दुसरं. दोन्हींचं जुळलं की मगच टोला. पेन ड्राइव्हच्या खाचांवरच्या टेपा त्यांनी स्वतः येऊन काढल्या, माझ्या मशिनच्या पहिल्यांदा. मी त्या सात महिन्यांत दहा वेळा ठरवलं की माफी मागायची. त्यांच्यासमोर गेले की वाटायचं, हे विचारतील, आता का मागता, काय काम आहे? आणि मी दुसरंच काहीतरी बोलून परत यायची. निरोपसमारंभात त्यांनी हार घालून घेतला, नारळ कानाशी हलवून बघितला, आणि गेले.

त्यांना शेवटचं बघितलं ते दोन वर्षांनी, वाटूर फाट्यावर. मी जालन्याला निघाले होते, ते परतूरला. नोव्हेंबर महिना. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन गेलेलं, काळा चष्मा नव्हता, नजर परत पहिल्यासारखी टोचत होती. बाकावर शेजारी येऊन बसले. निळी पिशवी तीच.

"बँकेत चाललो. हयातीचा दाखला द्यायला. मी जिता हाये का मेलो, दरसाल इचारून राह्यलेत."

"त्रासच आहे की, मामा."

"त्रास कशाचा? इचारायलाच पाहिजे. कोणाचं काय सांगता येतं?"

मी हसले आणि मग त्याच हसण्यात धीर करून म्हटलं, "मामा, तो अर्ज. मी तुमच्यावर नको ते लिहिलं."

ते रस्त्याकडे बघत होते. "बराबर लिहिलं व्हतं," ते म्हणाले. "त्या शाळेत सगळे म्हणायचे, मामाचा हात लागला म्हंजे चुकणार न्हाई. माझी नजर जाऊन वर्ष झाल्तं, एकानं तपासलं न्हाई. तुम्ही एकट्यानं शक घेतला." मग म्हणाले, "खिडकीत चिमटा लावला तवा तुम्ही बघत व्हते. मला दिसलं न्हाई, पर ठावं व्हतं."

 पुढे रसवंतीशेजारी पाण्याचा नळ होता. मामा उठले.

"जरा बघा हिच्याकडं. पाणी पिऊन येतो."

आणि ते गेले. निळी पिशवी माझ्या मांडीवर होती. आधी मला कळलंच नाही की काय झालं. मग मी खाली बघितलं. पिशवीचं तोंड उघडं होतं, सुतळी एका कानाला नुसती लोंबत होती. मी आत बघितलं नाही. दोन्ही हातांनी ती घट्ट धरून बसले, एवढ्यात माझी जालन्याची गाडी आली नि गेली, तरी उठले नाही. ते आले, पिशवी घेतली, खांद्याला अडकवली, आणि तशीच, न बघता, परतूरच्या गाडीत चढले.